देवमासा कुणाचा?

जगाचा नकाशा उघडून इंडोनेशिया शोधा. सुमात्रा, जावा, बाली अशी पूर्वेकडे सरकत गेलेली बेटांची माळ दिसेल. त्या माळेत फ्लोरेस बेटाच्या पूर्वेला लेम्बाता नावाचे एक बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाबालेकान या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावर, लमालेरा हे गाव वसले आहे. वस्ती दीड-दोन हजारांची. जमीन खडकाळ, पिकाऊ रान जवळजवळ नाहीच. समोर मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अथांग खोल होणारा सावू समुद्र. लेम्बातातील लेवोलेबा हे जिल्ह्याचे ठिकाण बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे. गावकऱ्यांना सरकारी काम असो वा दवाखाना, डोंगर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

जगातील सर्वांत मोठा मुस्लिम देश म्हणून आपण इंडोनेशिया ओळखतो. पण लमालेरा हे जवळजवळ पूर्ण कॅथलिक गाव आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. सोळाव्या शतकात डोमिनिकन धर्मगुरू जवळच्या सोलोर बेटावर उतरले आणि त्यांनी तिथे किल्ला बांधला. त्या काळी तिथला पोर्तुगीज कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयच्याच हाताखाली होता. म्हणजे आपली वसई आणि ते सोलोर एकाच दरबाराची दोन टोके. लमालेरापर्यंत ख्रिस्तश्रद्धा पोहोचायला मात्र बराच काळ जावा लागला. १८८६ साली एका येशूसंघीय धर्मगुरूने गावातील मुलांना बाप्तिस्मा दिला आणि १९२० च्या दशकात फादर बोडे हे जर्मन मिशनरी तिथे स्थायिक झाल्यावर गाव ख्रिस्तसभेत आले. आज हे गाव लारांतुका धर्मप्रांतात मोडते. किनाऱ्यावरच संत पेत्राचे छोटे चॅपेल आहे. कोळ्यांच्या गावात दुसरा कोणता संत असणार?

हे गाव देवमाशावर जगते. आपण ज्याला देवमासा म्हणतो तो मासा नव्हे, हवेत श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी. त्यातही लमालेराचे लोक प्रामुख्याने स्पर्म व्हेल मारतात. चौकोनी डोक्याचा, दातांचा, पंधरा-सोळा मीटरपर्यंत वाढणारा. निळ्या देवमाशाला ते हात लावत नाहीत. त्याने आपल्या पूर्वजांना मदत केली, अशी त्यांची परंपरा सांगते. शिकारीची होडी दहा-अकरा मीटरची, लाकडी खुंट्यांनी आणि दोरांनी जोडलेली. लोखंडाचा खिळा त्यात नाही. शीड ताडाच्या जातीच्या पानांचे विणलेले. होडीच्या टोकाला फळी असते आणि तिच्यावर भालेकरी उभा राहतो. त्याला लामाफा म्हणतात. देवमासा जवळ आला की हा माणूस हातातील लांब बांबूसकट स्वतःच उडी घेतो, कारण त्या कातडीत लोखंड रुतवायला नुसत्या दंडाचे बळ पुरत नाही, अंगाचे सगळे वजन लागते. मग तो पाण्यात, भाला माशात आणि दोराला बांधलेली होडी माशाच्या मर्जीवर. १९९४ साली असेच ओढले जात गावचे लोक खुल्या समुद्रात भरकटले आणि काही दिवसांनी पर्यटकांच्या एका जहाजाने त्यांना वाचवले. सगळेच परत येतात असे नाही.

या शिकारीची छायाचित्रे जगभर छापली गेली आहेत. उडी मारणारा माणूस कुणाच्याही डोळ्यांत भरतो. मला मात्र त्यानंतर वाळूवर जे घडते ते अधिक विचार करण्यासारखे वाटते.

देवमासा किनाऱ्याला लागला की त्याची वाटणी होते. ती मनाला येईल तशी होत नाही. अंगाचा कोणता भाग कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. होडी ज्या घराण्याची त्यांचा वाटा, भालेकऱ्याचा वाटा, वल्ही मारणाऱ्यांचा वाटा. एवढ्यावर थांबत नाही. भाल्याचे पाते घडवणारा लोहार, होडी बांधणारा सुतार, शीड करणारा, हे त्या दिवशी समुद्रावर गेलेलेही नसतील, तरी त्यांचा वाटा असतो. मग प्रत्येक वाटेकरी आपल्या घरी नेलेल्यातून पुन्हा सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना देतो. गावात तीनशेहून अधिक घरे. चुलीवर काहीच चढले नाही असे घर राहू नये, यासाठी हे सारे जाळे विणलेले आहे. हा देवमासा विधवांसाठी आणि अनाथांसाठी आहे, असे लमालेरात म्हणतात.

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकाशी ज्यांची ओळख आहे त्यांना लगेच आठवेल. शेत कापताना विसरलेली पेंढी परत आणायला जायचे नाही. जैतुनाची झाडे झोडपल्यावर पुन्हा फांद्या चाचपायच्या नाहीत. जे राहील ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे. रूथ त्याच नियमाच्या आधाराने बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. आपण या नियमाला दयाधर्म समजतो, पण तसा तो नाही. बवाजाच्या शेतातील मागे राहिलेली कणसे बवाजाची नव्हतीच, ती रूथची होती. बवाजाने दयाळूपणा दाखवला तो त्याहून अधिक देऊन.

दान आणि हक्क यांत फरक काय? दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. आपल्याकडे गरजू विधवेला मदत हवी असेल तर तिने यायचे, कागद दाखवायचे, कुणीतरी तिच्या घरी जाऊन चौकशी करायची. हे करणारे आपले स्वयंसेवक मनाने फार चांगले आहेत, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण लमालेरातील विधवेला मागावे लागत नाही. तिचा नवरा होडीच्या घराण्यातला होता, तिच्या दिराने वल्हे धरले होते, तिच्या बापाने शीड केले होते. या कुठल्या ना कुठल्या धाग्याने तिचा वाटा तिच्याकडे येतो आणि तो तिचा असतो. संत अँब्रोज यांनी श्रीमंतांना सांगितले होते की तुम्ही गरिबाला देता ते तुमचे नव्हे, त्याचेच त्याला परत करता. ते वाक्य प्रवचनात सांगायला सोपे. या गावाने ते मांसाच्या तुकड्यांत मोजून ठेवले आहे.

त्या मांसाचे पुढे काय होते, तेही पाहा. बांबूंवर पट्ट्या टांगून ते वाळवतात. बायका त्या डोक्यावर घेऊन डोंगरातील गावांत पायी जातात आणि मक्याशी, केळ्यांशी, भाजीशी अदलाबदल करतात. दर शनिवारी वुलांदोनीला बाजार भरतो. तिथेही पैशाला फारसे स्थान नाही. कर गोळा करणारा शिट्टी फुंकतो आणि बायका देवघेव सुरू करतात. सुकवलेल्या मांसाच्या एका पट्टीला साधारणपणे बारा कणसे. डोंगरातल्या माणसाकडे मका आहे, मांस नाही; किनाऱ्यावरच्याकडे मांस आहे, मका नाही. त्यामुळे देवमासा लमालेराचाच नव्हे, तर डोंगरावरच्या शेतकऱ्याचाही आहे.

आणखी एक गोष्ट. भालेकऱ्याचा नेम चुकला, दोर तुटला, होडी उलटली, तर गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की घरात भांडण कुणाचे आहे? नवरा-बायको अबोला धरून असतील, भावाभावांत तेढ असेल, तर समुद्र देत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून मोसम सुरू होण्याआधी, २९ एप्रिलला, घराण्यांचे प्रमुख वाळूवर बसतात आणि गेल्या वर्षाच्या तक्रारी बोलून दाखवतात. ३० तारखेच्या संध्याकाळी समुद्रात गेलेल्यांसाठी मिस्सा होतो आणि मेणबत्त्या लाटांवर सोडल्या जातात. १ मे रोजी किनाऱ्यावर मोसमाचा मिस्सा अर्पण करून होड्यांना आशीर्वाद दिला जातो. त्याच दिवसांत जमिनीची मूळ मालक समजली जाणारी घराणी डोंगरावरून देवमाशांना साद घालण्याचा जुना विधीही करतात. धर्मशास्त्राचा एखादा कडक प्राध्यापक यावर भुवया उंचावेल. पण वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची प्रभू येशूची आज्ञा शब्दशः पाळणारी माणसे मला तरी फार ठिकाणी माहीत नाहीत.

इथपर्यंत वाचून काहींच्या मनात प्रश्न आला असेल की फादर, हे सगळे ठीक, पण तो मुका जीव? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्पर्म व्हेलच्या माद्या पिलांसह कळपाने राहतात, धोका दिसला की पिलांभोवती कडे करतात, एकमेकींशी ठोक्यांच्या आवाजांनी बोलतात आणि प्रत्येक समूहाची आपली वेगळी धाटणी असते. तो मरतो तेही चटकन नाही; झुंज तासन्‌तास चालते. प्राण्यांना निष्कारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे आपला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. त्याच ग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग न्याय्य ठरवला आहे. म्हणजे सारा भार ‘निष्कारण’ या शब्दावर येतो. ज्या गावाला शेत नाही त्याचे कारण हे कारण नव्हे काय?

पण कोण कुणाला विचारतो आहे, हेही पाहावे लागेल. विसाव्या शतकात यांत्रिक जहाजांनी जगभरात जवळपास २९ लाख देवमासे मारले. १९६० च्या दशकात एकट्या स्पर्म व्हेलची संख्या वर्षाला वीस हजारांवर गेली होती. तेल, वंगण, खत यांसाठी. समुद्र रिकामे झाल्यावर १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला आणि १९८६ पासून तो अमलात आला. या सगळ्या काळात लमालेराची सरासरी वर्षाला वीसच्या आसपास. काही वर्षे हाती फारच थोडे. ज्यांनी कोठार लुटले तेच आता मूठभर घेणाऱ्याला हिशेब मागतात, असे तिथल्या माणसाला वाटले तर त्याला दोष कसा देणार? २००९ साली सावू समुद्र राष्ट्रीय सागरी उद्यान होणार, अशी घोषणा झाली तेव्हा गावाने कडाडून विरोध केला आणि लेम्बाताकडचा पट्टा वगळावा लागला. २०१४ साली मांता जातीचे प्रचंड पाकट मासे देशभर संरक्षित ठरले. तेही लमालेराच्या पानातले अन्न होते.

गंमत अशी की याच गावाला बाहेरच्यांनी उलट सल्लाही दिलेला आहे. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नॉर्वेचा एक अनुभवी शिकारी पाठवला. आधुनिक पद्धतीने अधिक देवमासे कसे मारावेत हे शिकवायला! तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. एका पिढीला जग म्हणाले अधिक मारा, पुढच्या पिढीला म्हणाले मुळीच मारू नका, आणि पर्यटक म्हणतात, आम्ही कॅमेरा घेऊन येईपर्यंत आहात तसेच राहा. तिघांपैकी एकाने तरी वाळूवर बसून आधी ऐकले का? माझे मत असे आहे की देवमाशाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला आहे. समुद्र कुणा एका गावाचा नाही आणि उद्या ही जात आणखी घटली तर लमालेरालाही थांबावे लागेल. पण जो म्हणेल ‘थांबा’, त्याने त्या पट्टीच्या जागी काय येणार हे सांगितले पाहिजे. नुसते मांस नव्हे. मांस तर डब्यातूनही देता येईल. विधवेचा वाटा कुठून येणार?

खरे सांगायचे तर त्या वाट्याला देवमासा वाचवणाऱ्यांपासून जेवढा धोका आहे त्याहून मोठा धोका एका साध्या यंत्रापासून आहे. होडीच्या मागे लावायची मोटार. जॉन्सन नावाच्या कंपनीवरून तिथले लोक मोटारीच्या होडीलाच ‘जोन्सोन’ म्हणतात. १९८० च्या सुमारास मोटारी येऊ लागल्या, पुढे रात्री पाण्यात सोडायची मोठी जाळी आली. या शतकाच्या सुरुवातीपासून वल्ह्यांच्या होड्यांना देवमाशापर्यंत मोटारीच्या होडीने ओढून नेण्याची रीत पडली. वडीलधाऱ्यांनी विरोध केला, वाद झाले. पण दमलेल्या दंडांना मोटार नको असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. वल्ही मारताना माणसे मरतात आणि मोटारीने माणूस संध्याकाळी घरी पोहोचतो.

आता वाटणीकडे पाहा. वल्ह्यांच्या होडीला डझनभर माणसे लागतात. घरात दुसरे काही नसले तरी दोन हात असले की वाटा मिळतो. मोटारीला तीन-चार माणसे पुरतात. शीड नको, म्हणून शीड करणाऱ्याचा वाटा नको. उलट मोटार ज्याची, पेट्रोल ज्याने भरले, त्याचा वाटा आला. आणि तो न्याय्यही आहे! पेट्रोल रोख पैशाने येते, पैसे घालणाऱ्याने फुकट का घालावे? जाळ्यात आलेला मासा चार जणांचा, तोही व्यापाऱ्याला विकता येतो, कारण पोराची फी मक्याच्या कणसांत भरता येत नाही. यातील एकेक पायरी तपासा. कुणी चोरी केली नाही. कुणी कुणाचा वाटा मारला नाही. प्रत्येकाने आपल्या कष्टाचे आणि पैशाचे घेतले. तरीही शेवटी जिच्या घरातून कुणी होडीवर नाही त्या बाईच्या हाती काही येत नाही आणि पूर्वी जे तिचे होते त्यासाठी तिला आता शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

अन्याय झाला, पण अन्याय करणारा सापडत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला न्यायाची व्याख्या पाठ करावी लागे, ज्याचे त्याला देणे. ती व्याख्या चुकीची नाही. पण ‘ज्याचे’ हे कोण ठरवते, यावर ती गप्प आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हे एकेकट्याकडे असावे, कारण माणूस आपल्या वस्तूची निगा अधिक राखतो. परंतु तिचा उपभोग घेताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला सहज द्यावे. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार मला लमालेराच्या वाळूवर अगदी ताजा दिसतो. मोटार एकाची असू दे, पेट्रोलचा वाटाही असू दे. पण मोटारीने आणलेल्या माशात वल्हे नसलेल्या घराचा वाटा कोणता, हे आधी ठरले पाहिजे. आणि ते शेजाऱ्याच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. चांगुलपणा माणसागणिक बदलतो. आपल्या कोळीवाड्यांतही पर्सीन जाळ्यांच्या वादात हाच प्रश्न तळाशी आहे, फक्त आपण तो ‘बंदी’ आणि ‘परवाना’ या शब्दांत विचारतो.

राहिली तरुण मुले. ती शिकायला लेवोलेबाला जातात, पुढे कुपांग, जावा, कुणी मलेशियात मजुरीला. मिशनच्या शाळांनी या गावाला अक्षर लवकर दिले. इंडोनेशियन भाषेचे नामवंत अभ्यासक गोरिस केराफ याच गावचे. त्यांनी आपल्या गावच्या बोलीचा अभ्यास केला. आणि सोनी केराफ! देवमासे मारणाऱ्या गावात १९५८ साली जन्मलेला हा मुलगा तत्त्वज्ञान शिकला, १९९९ ते २००१ या काळात देशाचा पर्यावरणमंत्री झाला आणि पर्यावरणाच्या नीतिशास्त्रावर त्याने ग्रंथ लिहिला. लमालेराचे लोक निसर्गाचे शत्रू आहेत असे म्हणणाऱ्यांनी या नावापाशी क्षणभर थांबावे.

परंतु गेलेली मुले बहुधा परत येत नाहीत. मग होडीवर कोण जाणार? काही अभ्यासकांना आणि काही पर्यटकांना ही संस्कृती टिकावी असे फार वाटते. मला त्यांचा थोडा राग येतो. कुणाची संस्कृती टिकावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाने आयुष्यभर बांबू धरून का उभे राहायचे? डोक्यावर मांस घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला कुणी विचारले का, की तुझ्या मुलीनेही हेच करावे काय? पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरितांच्या दिनासाठी विषय दिला होता तो स्थलांतर करावे की राहावे हे निवडण्याच्या स्वातंत्र्याचा. दोन्ही बाजू त्यात आहेत. जाणाऱ्याला अडवू नये, हे आपल्याला लगेच पटते. राहू इच्छिणाऱ्याला राहता येईल अशी परिस्थिती असावी, हे मात्र आपण विसरतो. मूल गाव सोडून जाते ते पुस्तकातील ओढीने की घरात चूल पेटत नाही म्हणून, यात फार मोठे अंतर आहे. पहिले स्वातंत्र्य आहे, दुसरे हकालपट्टी. मग ती कुणी केली हे इथेही सांगता येत नाही.

एप्रिलच्या अखेरीस वाळूवर बसणाऱ्या घराण्यांपुढे आता भांडणाच्या जुन्या विषयांबरोबर मोटारीचाही विषय असतो. कुणाची होडी ओढायची, कुणाचे पेट्रोल, कुणाला किती. तिथे म्हातारे बोलतात, तरुण बोलतात, आवाज चढतात. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या सोडायच्या असतात. आणि १ मे रोजी मिस्सा संपला की आधी एकच होडी, तीही शिडाची, समुद्रावर जाते, बाकीच्या मागाहून.